शेवटच्या पानावरचं पर्यावरण

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवते. मशीन डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस हे माझे नेहमीचे विषय. या सत्रापासून पर्यावरणाचं भान राखून वस्तूची रचना आणि निर्मिती कशी करावी, हा नवा विषय माझ्याकडे आला आहे. मला तो मनापासून आवडतो, पण वर्गात रंगत नाही. जागतिक तापमानवाढीचे आलेख दाखवले की मुलं माना डोलावतात आणि विसरतात. प्रकल्प दिला तर आधी वस्तू ठरवतात, ड्रॉइंग करतात आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर 'ही वस्तू पर्यावरणपूरक आहे' असा परिच्छेद जोडतात. एका हुशार मुलाने तर सरळ विचारलं, "मॅडम, कंपनीत गेल्यावर किंमत बघतात. हे कोण विचारणार आहे?" सहकारी म्हणतात, हा 'सॉफ्ट' विषय, गुण देऊन मोकळं व्हा. सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअर शिकवू का? आणि गुण नेमके कशाचे द्यायचे? – एक प्राध्यापिका

उत्तर :

नमस्कार मॅडम,

अहवालाच्या शेवटच्या पानाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, दुखणं तिथेच आहे. धातू कोणता, भिंतीची जाडी किती, जोड कसला, फिनिश काय, हे सगळं ठरून गेल्यावर विद्यार्थ्याच्या हाती फक्त समर्थन उरतं. तेव्हा सत्रभर काहीही शिकवा, पण पर्यावरणाचा प्रश्न ड्रॉइंगच्या आधी आणून ठेवा. आणि तापमानवाढीचे आलेख बाजूला ठेवा. ते खोटे आहेत म्हणून नव्हे. एकवीस वर्षांच्या मुलाला त्या आलेखात स्वतःचा हात कुठे दिसत नाही, म्हणून. तोच मुलगा एका स्क्रूच्या जागी गोंद टाकायचं ठरवतो, तेव्हा तिथे मात्र त्याचा हात असतो. हा विषय तिथून शिकवायचा.

पहिले दोन आठवडे व्याख्यान देऊच नका. प्रत्येक गटाला एक बंद पडलेली वस्तू द्या : हेअर ड्रायर, प्रिंटर, टेबल फॅन, इस्त्री, जे मिळेल ते. ती उघडायची, प्रत्येक सुटा भाग वजन करून तक्त्यात लिहायचा. कोणत्या पदार्थाचा, कोणत्या प्रक्रियेने बनला, शेजारच्या भागाला कशाने जोडलाय, सुटायला किती मिनिटं लागली, सुटताना तुटला का. एक सूचना मात्र आधीच द्या. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही वर्गात उघडायचे नाहीत, प्लग काढल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करायची, आणि लिथियमचे सेल स्क्रूड्रायव्हरने उचकटायचे नाहीत.

तक्ता भरला की मुलांना जे दिसतं, ते कुठल्याही स्लाइडवर दाखवता येत नाही. प्लास्टिकच्या कवचात धातूचं इन्सर्ट, म्हणजे स्क्रू बसवायची छोटी नळी वगैरे, साच्यातच बसवलेलं असतं आणि ते हातोडीशिवाय निघत नाही. बाहेरून एकच वाटणारी वस्तू चार वेगळ्या प्लास्टिकची असते. ज्या भागामुळे वस्तू बंद पडली, तो सगळ्यात आत दडलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला सगळं चांगलं सामान फोडावं लागतं.

मग एक बादली पाणी आणि मीठ घेऊन बसा. वस्तूंमधल्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे करा आणि पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटून फसगत होते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन तरंगतात, पाण्याची घनता एक धरली तर त्यांची एकापेक्षा कमी. बाकीचे बुडतात. आता पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, द्रावणाची घनता १.२ च्या आसपास जाते, आणि १.०५ च्या आगेमागे असलेलं पॉलिस्टायरीन आणि एबीएस (उपकरणांच्या कवचाचं टणक प्लास्टिक) वर येतं. तळाशी पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) एकत्र पडून राहतात, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखीच. अनेक पुनर्वापर कारखान्यांत प्लास्टिक याच तत्त्वावर वेगळं करतात. पीईटीमध्ये थोडंसं पीव्हीसी शिरलं तरी वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल बिघडतो. म्हणजे पीईटीच्या बाटलीवर पीव्हीसीचं आवरण चढवणाऱ्या माणसाने ती बाटली भंगारातसुद्धा नालायक करून ठेवली. त्याने ते वाईट हेतूने केलं नाही, त्याला बादलीतला हा प्रयोग कोणी दाखवला नव्हता. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ताकदीसाठी भरपूर टाल्क (एका मऊ खनिजाची भुकटी) भरलं की तेही बुडतं, हेही दाखवा. आणि काळ्या भागांबद्दल सांगा. कार्बन ब्लॅकने काळं केलेलं प्लास्टिक कचरा वेगळं करणाऱ्या इन्फ्रारेड यंत्राला दिसतच नाही, कारण तो रंग प्रकाश शोषून घेतो. 'आतला भाग आहे, काळाच असू दे' हा किती सहज घेतलेला निर्णय असतो!

धातूंबद्दल एक गोष्ट जरूर सांगा, कारण मुलांना वाटतं की पोलाद म्हणजे कितीही वेळा वितळवा, फरक पडत नाही. वस्तू भंगारयंत्रात जाताना मोटर किंवा वायरिंग पोलादी सांगाड्याला घट्ट अडकलेली असेल, तर तांबं पोलादाच्या भंगारात जातं. भट्टीत ते व्यवहार्यपणे वेगळं काढता येत नाही, आणि त्याचं प्रमाण वाढलं की गरम रोलिंग करताना पोलादाला पृष्ठभागावर तडे जातात. मोटर दोन बोल्ट काढून बाहेर यावी, ही तुमच्या विद्यार्थ्याने ड्रॉइंगवर करायची गोष्ट आहे. भंगारवाल्याच्या हातात ती राहिलेली नसते.

इथे तुमच्या जुन्या विषयाचा उपयोग करा. जुळणी सोपी करण्यासाठी जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी प्रत्येक भागाला विचारायचे तीन प्रश्न दिले : हा भाग शेजारच्या भागाच्या तुलनेत हलायलाच हवा का? तो वेगळ्या पदार्थाचा असायलाच हवा का? तो वेगळा नसेल तर बाकीची जुळणी किंवा उघडणी अशक्य होते का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर तो भाग शेजारच्यात मिसळून टाका. भाग कमी म्हणजे साचे कमी, जुळणी कमी, बहुधा पदार्थही कमी. पण हाच नियम डोळे झाकून वापरला की दुरुस्ती मरते. पाच भागांचा एक भाग केला आणि त्याचा कोपरा तुटला, तर पाचही गेले. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत बाहेरचा टब वेल्डिंग करून बंद करतात, तेव्हा आतलं बेअरिंग गेलं की अख्खा टब बदलावा लागतो. गोंदाचंही तसंच. गोंद लावलेली वस्तू उघडत नाही, पण तिच्यात पाणीही शिरत नाही आणि ती जास्त टिकू शकते. याचं एकच बरोबर उत्तर नाही. वर्गाचे दोन भाग करा आणि भांडू द्या. फक्त अट घाला की प्रत्येकाने 'काय आधी निकामी होईल' हे सांगूनच बाजू मांडायची. जे आधी निकामी होणार ते सहज निघायला हवं. जे कधीच निकामी होणार नाही ते चिकटवलं तर फारसं बिघडत नाही, फक्त वेगळ्या पदार्थाला चिकटवू नये.

यानंतर आकडेमोड. इथे मुलांना सगळ्यात आधी एक सवय लावा : वस्तूच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर भार जास्त आहे, हे ढोबळ आकड्यांनी शोधायचं आणि मगच रचनेला हात लावायचा. विजेची किटली घ्या. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ३३५ किलोज्यूल, म्हणजे ०.०९३ युनिट वीज लागते. दिवसातून तीनदा धरली तर वर्षाला शंभरेक युनिट, म्हणजे सुमारे ३६७ मेगाज्यूल. अर्धा किलो पॉलिप्रॉपिलीनचं कवच बनवायला लागणारी ऊर्जा साधारण चाळीस मेगाज्यूल. जो गट 'आम्ही किटली पुनर्वापरित प्लास्टिकची केली' म्हणून येईल, त्याला हा हिशेब त्यानेच करून दाखवायला सांगा. किटलीत खरा फायदा कमी पाणी उकळण्यात आहे : किमान पाण्याची खूण खाली असणं, कपांची मापं बाहेरून दिसणं, उकळताक्षणी बंद होणं. याउलट खुर्ची वापरताना काहीच खात नाही. तिथे सगळा भार पदार्थात आणि घडवण्यात, म्हणून ती हलकी आणि दीर्घायुषी हवी. फ्रीज आणि मोबाइल यांचीही अशीच उलटापालट होते. फ्रीजचा भार बराचसा वापरात असतो, मोबाइलचा निर्मितीत. 'टिकाऊ बनवा' हा सल्ला मोबाइलला जसा लागू, तसा जुन्या, भरपूर वीज खाणाऱ्या फ्रीजला नाही.

दुसरं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये पेयाच्या कपांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला. चिनी मातीचा कप बनवायला सुमारे १४ मेगाज्यूल, कागदी कपाला ०.५५, फोमच्या कपाला ०.१९८, आणि चिनी मातीचा कप यंत्रात एकदा धुवायला ०.१८४. फळ्यावर एवढेच चार आकडे लिहा आणि विचारा : चिनी मातीचा कप किती वेळा वापरला की परवडतो? दर वापराला वाचते ती एका कागदी कपाची ऊर्जा, उणे एकदा धुण्याची : ०.५५ उणे ०.१८४, म्हणजे ०.३६६. म्हणून कागदी कपाशी तुलना केली तर १४ भागिले ०.३६६, म्हणजे चाळिशीच्या अलीकडेच. फोमच्या कपाशी तुलना केली तर ०.१९८ उणे ०.१८४ म्हणजे ०.०१४, आणि १४ भागिले ०.०१४, म्हणजे हजार वेळा. वर्गात गडबड होईल, मुलं म्हणतील मग फोमच चांगला. होऊ द्या. मग धुण्याचा आकडा ०.१० करा, कारण धुण्याचं यंत्र चांगलं आलं किंवा ते पूर्ण भरून चालवलं. उत्तर हजारावरून १४३ वर येतं. आता ०.२० करा. चिनी मातीचा कप फोमशी कधीच बरोबरी करत नाही.

या अर्ध्या तासात मुलं तीन गोष्टी शिकतात, आणि त्या सांगून कळत नाहीत. उत्तर कपात नव्हतं, धुण्याच्या यंत्रात होतं. दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी भाजकात असेल, तर येणाऱ्या उत्तरावर फार विसंबू नये. आणि हा सगळा हिशेब फक्त ऊर्जेचा आहे. वाऱ्यावर उडून नाल्यात गेलेला फोमचा कप त्यात कुठेच मोजलेला नाही. काय मोजलं आणि काय मोजलं नाही, हे हिशेबाच्या डोक्यावर लिहिलंच पाहिजे, हा लाइफ सायकल असेसमेंटचा, म्हणजे कच्च्या मालापासून भंगारापर्यंत वस्तूचा पर्यावरणावरचा भार मोजण्याच्या पद्धतीचा, पाया. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं तेच मागतात : हेतू, व्याप्ती आणि फंक्शनल युनिट (कोणत्या कामाच्या मापाने तुलना करायची ते) आधी ठरवा. 'एक कप' आणि 'हजार वेळा प्यायलेलं पेय' यांची तुलना होत नाही, हे या उदाहरणानंतर मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

सॉफ्टवेअर शेवटच्या महिन्यात आणा. असा हिशेब करणारं ओपनएलसीए मोफत आहे, चालेल. आधी आणलं तर मुलं बटण दाबून रंगीत स्तंभ काढतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. आधी हाताने उत्तर काढलेलं असलं की सॉफ्टवेअरचं उत्तर दहापट चुकलेलं त्यांना ओळखता येतं.

निर्मितीची बाजू तुमच्या वर्कशॉपमध्येच शिकवता येईल. प्रत्येक भागासाठी दोन वजनं लिहायला लावा : घेतलेल्या मालाचं आणि तयार भागाचं. एक किलो ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंग करून दीडशे ग्रॅमचा ब्रॅकेट काढला, तर ८५० ग्रॅम चिप्स झाल्या. नवं ॲल्युमिनियम वितळभट्टीत तयार करताना किलोमागे १४ युनिटच्या आसपास वीज जाते. म्हणजे त्या चिप्समध्ये सुमारे १२ युनिट आहेत, आपल्या किटलीत सव्वाशे लिटर पाणी उकळण्याइतकी. चिप्स पुन्हा वितळतात आणि त्यात नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, हे खरं. पण कूलंटने (कापताना सोडायच्या थंडावा देणाऱ्या द्रवाने) माखलेल्या, दोन-तीन मिश्रधातू एकत्र झालेल्या चिप्सचा पुन्हा पहिल्या दर्जाचा बार होत नाही. तेव्हा वर्कशॉपमध्ये मिश्रधातूप्रमाणे वेगळे डबे ठेवा आणि विद्यार्थ्याला विचारा की हाच ब्रॅकेट पत्रा वाकवून किंवा एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेली लांब पट्टी) कापून का नाही केला. कधी उत्तर असेल, 'फक्त पाचच नग हवेत, डाय कोण बनवणार?' ते योग्य उत्तर आहे, ते मान्य करा.

आणि एका मशीनला एनर्जी मीटर लावा. नुसता क्लॅम्प मीटर नको. भार नसताना मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, फार खाली असतो आणि करंटवरून काढलेली वीज फुगलेली दिसते. मशीन नुसतं चालू, स्पिंडल फिरतंय पण कट नाही, आणि प्रत्यक्ष कट, अशा तीन नोंदी घ्या. कूलंटचा पंप, हायड्रॉलिक्स, कंट्रोल यांतच किती वीज जाते, हे मुलांना चकित करेल. कट थोडा जोरात घेऊन मशीन लवकर बंद करणं अनेकदा जास्त हिरवं असतं, हे त्यांना मीटरच सांगेल.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो प्रामाणिक आहे, त्याला दटावू नका, आणि 'पर्यावरण वाचवलं की पैसेही वाचतात' असं गुळगुळीत उत्तरही देऊ नका. चिप्स, वजन, वीज यांत पैसे वाचतात. सुटणाऱ्या जोडात अनेकदा वाचत नाहीत, खर्च वाढतो. त्याला सोल्डरची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडायच्या डाकाची, गोष्ट सांगा. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं, पारा, कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त आगरोधक रसायनांचे दोन गट यांवर मर्यादा आली. शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथिल, चांदी, तांब्याचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ओव्हनचं तापमान वाढलं, कनेक्टरचं प्लास्टिक बदलावं लागलं, सांध्यांच्या चाचण्या नव्याने कराव्या लागल्या. हे सगळं कंपनीत कोणी केलं? इंजिनिअरनेच. आणि ज्यांना ते आधी येत होतं त्यांना घाई करावी लागली नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात, आणि त्यात उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, हे मोजतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, वस्तूंमधली लहान, पोर्टेबल बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. तो विचारतोय 'कोण विचारणार?' त्याला सांगा, गिऱ्हाईक विचारेल की नाही ते बाजूला ठेव, निर्यात करणारी कंपनी मुलाखतीत विचारू शकते. त्याच्याशी आणखी एक बोला. जिथे नियमही नाही आणि पैसेही वाचत नाहीत, अशी जागा त्याच्या नोकरीत येणारच आहे. तिथे काय करायचं ते त्यानेच ठरवायचं, पण आपण काय ठरवतोय हे त्याला माहीत असावं, एवढं या विषयाने करायला हवं.

गुणांबद्दल ठाम राहा. शेवटच्या पानावरच्या परिच्छेदाला शून्य गुण आहेत, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. पहिल्या आढाव्याला ड्रॉइंग आणूच द्यायचं नाही. आणायचा तो मूळ वस्तूचा हिशेब : कोणता टप्पा जड, का, कुठल्या आकड्यावरून. अंतिम अहवालात नाकारलेल्या पर्यायांचं एक पान सक्तीचं ठेवा आणि त्याला घसघशीत गुण द्या, कारण विद्यार्थ्याने विचार केला की नाही हे तिथेच कळतं. 'कोणता आकडा बदलला तर माझा निर्णय बदलेल' हे एक वाक्य लिहायला लावा. 'पर्यावरणपूरक' हा शब्द आकड्याशिवाय आला तर तो खोडा. आणि परीक्षेच्या दिवशी गटांनी वस्तूंची अदलाबदल करायची : दुसऱ्या गटाची वस्तू साध्या हत्यारांनी, काही न मोडता उघडायची आणि पदार्थाप्रमाणे वेगळी करायची, हातात घड्याळ घेऊन. त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकणं होतं. आपला 'सहज सुटणारा' क्लिप दुसऱ्याच्या हातात मोडतो तेव्हा क्लिपची लांबी का वाढवायची, हे पुन्हा सांगावं लागत नाही. एक खबरदारी घ्या : ज्या गटाने प्रामाणिक हिशेब करून 'आमचा बदल फायद्याचा ठरला नाही' असं लिहिलं, त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. तो गट कमी गुण घेऊन गेला, तर पुढच्या वर्षी सगळे आकडे गोड येतील.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांच्या पेपरात जागा मागा. मशीन डिझाइनमध्ये पोकळ शाफ्टचं गणित सगळेच देतात : बाहेरचा व्यास तोच ठेवून आत निम्म्या व्यासाचं भोक पाडलं, तर वजन २५ टक्के घटतं आणि पीळ सोसण्याची ताकद फक्त सव्वासहा टक्के. त्याखाली एक उपप्रश्न जोडायला सांगा, चार गुणांचा : हा शाफ्ट भरीव बारमध्ये भोक पाडून केला आणि तयार ट्यूबमधून केला, तर प्रत्येक पद्धतीत पदार्थ किती लागला आणि वाचलेलं वजन नेमकं कुणाच्या कामी आलं? बारमधून केला तर माल तेवढाच लागतो आणि फायदा फक्त शाफ्ट फिरवणाऱ्या यंत्राला होतो. ट्यूबमधून केला तर दोन्हीकडे. हा प्रश्न त्यांच्याच विषयातला आहे, तो घ्यायला त्यांची ना नसावी.